आधी पाय, मग तोंड

अख्ख्या गावाचा विश्वास मिळवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गाव लहान होतं, हे आधीच सांगायला हवं. त्यातले निम्मे लोक मुंबईच्या बाजारात पोती वाहायला नाहीतर फौजेत सीमेवर, त्यामुळे विश्वास ठेवायला जागेवर हजर असलेले आणखी कमी. पण जे होते त्यांचा डॉक्टर कुरण्यांवर पुरता विश्वास होता, आणि तो त्यांनी एकही भाषण न करता मिळवला होता. भाषण त्यांनी नंतर केलं.

करंजखिंड सातारा जिल्ह्यात, मेढ्याच्या वर, डोंगरात. एसटी तिथे येऊन वळते, कारण पुढे रस्ता नाही. मी तिथल्या हायस्कुलात इतिहास शिकवत होतो आणि दवाखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत होतो. दवाखाना सांगलीच्या एका धर्मादाय संस्थेचा. संस्थापकांचं आजोळ आमच्या गावचं, म्हणून सांगलीत मोठं हॉस्पिटल आणि इथे डोंगरात एक खोली, एक ओसरी आणि एक डॉक्टर. संस्थेच्या दृष्टीने हा दवाखाना म्हणजे दरवर्षीच्या अहवालातलं पहिलं छायाचित्र होतं. मागे डोंगर, पुढे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. गावाच्या दृष्टीने तो दवाखाना होता.

डॉक्टर मूळचे सांगलीजवळच्या आष्ट्याचे. ऊस, हळद आणि सपाट काळं रान सोडून हा माणूस या चढावर का आला, असं लोक विचारत. ते म्हणत, "आमच्याकडं जमीन सपाट आणि माणसं चढउताराची. इथं उलटं आहे. पाय दुखतात, पण डोकं दुखत नाही." आले होते थोड्या दिवसांसाठी. राहिले केस पांढरे होईपर्यंत. बायको-मुलं सांगलीत, शनिवारी दुपारच्या गाडीने ते खाली उतरत आणि सोमवारी सकाळच्या गाडीने वर येत. मधल्या रविवारी गावात कुणी आजारी पडत नसे. पडले तरी सोमवारपर्यंत सांगत नसत.

दवाखान्यात शिरलं की पहिली विचित्र गोष्ट दिसे ती बसण्याची. पेशंटला उंच खुर्ची, आणि डॉक्टर समोर पाटावर. स्वयंपाकघरातला असतो तसला साधा लाकडी पाट. त्यावर मांडी घालून बसले की त्यांचं डोकं बरोबर पेशंटच्या गुडघ्यापाशी येई. म्हाताऱ्या बाया खुर्चीत अवघडून बसत. डॉक्टरसारखा माणूस खाली आणि आपण वर, शिवाय आपले शेणामातीचे पाय त्याच्या तोंडासमोर. त्या पाय मागे ओढून घेत. "आवं, पाप लागंल आमास्नी," म्हणत. डॉक्टर पाऊल हातात धरूनच म्हणत, "पाप माझ्या नावावर मांडा. आधी पाय, मग तोंड."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तोंडाला बोलता येतं म्हणून ते खोटं बोलतं, पायाला तेवढी अक्कल नसते, असं त्यांचं म्हणणं. सूज, भेग, रंग, नखं, चालीतली ओढ, सगळं ते खालून वर वाचत जात आणि जीभ सगळ्यात शेवटी बघत. साखरेच्या पेशंटच्या बाबतीत तर ते हट्टीच होते. "या रोगात पाय मुका होतो," ते मला एकदा म्हणाले. "खिळा घुसला तरी सांगत नाही. आपणच जाऊन विचारायचं असतं त्याला."

दवाखान्याच्या दाराला तीन उंच दगडी पायऱ्या होत्या. संस्थेच्या इंजिनिअरने त्या काढून उतार करायचं ठरवलं तेव्हा डॉक्टरांनी नकार दिला. ज्याला चढवत नाही त्याला मी उचलून आणीन, म्हणाले, आणि आणतही. पण बाकीच्यांनी पायऱ्या चढूनच यायचं. कारण त्यांची जागा दारासमोर होती, आणि माणूस ओसरीवर पोचेपर्यंत त्यांची अर्धी तपासणी झालेली असे.

त्यांनी इतका खटाटोप का करावा, हे कळायला मला एक पावसाळा लागला. करंजखिंडीत कुणी कुणाला दुखणं सांगत नाही. 'कसं काय' विचारलं की 'बरं हाय'. ताप असला तरी बरं, म्हैस गेली तरी बरं. मी आधी ते डोंगरी संकोचाचं लक्षण समजलो. डॉक्टरांनी मला त्याचं मूळ दाखवलं.

शेजारी हौसाक्का राहत होती. नवरा नाही, एक मुलगा फौजेत, सून आणि नातवंडं त्याच्याबरोबर छावणीच्या गावी. दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल येई. त्याआधी हौसाक्का तोंड धुऊन, धडकं लुगडं नेसून, मोबाइल कोनाड्यात टेकवून बसे. एका पावसात तिच्या घराची मागची भिंत बसली. त्या रविवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुमची भिंत जरा द्या." माझ्या भिंतीसमोर बसून तिने मुलाला सांगितलं, आमचं सगळं बरं हाय, पाऊसबी बेताचा हाय. मुलाने विचारलं, ही भिंत कुठली. ती म्हणाली, रंग काढला.

हे मी डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितलं. ते हसले नाहीत. "घराघरांत हेच आहे," ते म्हणाले. "सीमेवर असलेल्या पोराला इथलं वाईट सांगायचं नाही. सांगून करणार काय तो? रजा मिळत नाही, मग रात्रभर जागणार, हातात बंदूक. म्हणून लांबच्याला बरंच सांगायचं. आधी पत्रांत सांगत, मग फोनवर, आता पडद्यावर. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, सर. या गावात 'बरं हाय' हे उत्तर नाही, दुखण्याचं पहिलं लक्षण आहे."

हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे. पुढे त्याची गरज पडली.

फौजेतून परत आलेली माणसं तर 'बरं' म्हणण्यात आणखी पुढे. जिजाबा हवालदार नावाचे एक निवृत्त गृहस्थ होते. कडक इस्त्री, पिळलेली मिशी, चालताना रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखे. एका सकाळी ते दवाखान्यासमोरून जाताना डॉक्टरांनी ओसरीवरून विचारलं, काय हवालदार, कसं काय. हवालदारांनी थांबून उत्तर दिलं, "एकदम ठीक, साब." डॉक्टर पायऱ्या उतरून खाली गेले, त्यांचा दंड धरला आणि त्यांना चहा प्यायला म्हणून आत आणलं. चहा काही मिळाला नाही. थोड्या वेळाने डॉक्टरांची जुनी जीप हवालदारांना आडवं झोपवून मेढ्याच्या दिशेने आणि तिथून साताऱ्याला गेली. हृदयाचा झटका होता. परत आल्यावर हवालदार गावभर विचारत होते, ह्यांना कळलं कसं. डॉक्टर म्हणाले, "फौजी माणसाच्या शर्टाचं बटण एक घर चुकलं होतं. तो मेला तरी बटण चुकवत नाही. आणि हवालदार, थांबताना तुम्ही पाय आपटला नाहीत."

"पाय आपटायचा इसरलो व्हय मी?" हवालदारांना झटक्यापेक्षा याचं जास्त वाईट वाटलं.

डॉक्टर आणि मी संध्याकाळी ओसरीवर बसत असू. आमची मैत्री मुख्यतः तिसऱ्या माणसाच्या थट्टेवर चालली होती. मला समारंभांचा राग येतो, त्यांना हसू येई. संस्थेचे लोक वर्षातून एकदा गाड्या घेऊन येत, तेव्हा डॉक्टर ऐन भाषणात माझ्याकडे बघत आणि मला खाली बघावं लागे. एकदा त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं, भर एप्रिलमध्ये. पाहुणे गेल्यावर त्यांनी नारळ तिथेच फोडून सगळ्यांना वाटला आणि शाल बाळंतीण झालेल्या एका बाईकडे पाठवली. "शाल हे पांघरूण आहे," म्हणाले. "ज्याला घाम येतोय त्याला ती घालणं म्हणजे उपचाराची चूक." मला वाटलं, हा माणूस आपल्यातला आहे. असं वाटणं हा माझा व्यक्तिगत प्रश्न झाला, त्याची जबाबदारी त्यांच्यावर नाही.

मग पडदा आला.

म्हणजे आधी बातमी आली. डॉक्टर सांगलीला जाणार, दवाखान्यात मोठा पडदा आणि कॅमेरा बसणार, आणि सांगलीतून डॉक्टर पडद्यावर तपासणार. गाव बिघडलं. पडदा नको असं कुणी म्हणत नव्हतं. माणूसही हवा, असं म्हणत होते. तरण्या पोरांनी दवाखान्याला टाळं ठोकायचं ठरवलं. संस्था टाळ्याला घाबरत होती, कारण कुलूपबंद दवाखान्याचं छायाचित्र अहवालात चांगलं दिसत नाही.

देवळाच्या मांडवात बैठक झाली. डॉक्टर स्वतः आले, जमिनीवरच बसले. त्यांनी काही लपवलं नाही. पाठ गेली आहे, वाकवत नाही, बायकोने एकटीने मुलं वाढवली, आता उरलेले दिवस घरी काढायचे आहेत. यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं, आणि कुणी काढलीही नाही. संस्थेने त्यांना पडद्याच्या कामावर नेमलं होतं. ते म्हणाले, "पडद्यावर दुसरा कुणी नसेल, मीच असेन. दिवाळीपर्यंत चालवून बघू. मग इथं राहणारा डॉक्टर लागतो का नाही, हे संस्था मला विचारणार आहे. मी सांगेन ते होणार आहे. माझ्यावर विश्वास आहे ना?"

या प्रश्नाला नाही म्हणायचं तर मागची सगळी वर्षं पुसावी लागत होती. शेवटी बायकांच्या बाजूने हौसाक्का उठली. साखरेची ती जुनी पेशंट; तिचे पाय डॉक्टरांनी तिच्या मुलापेक्षा जास्त वेळा पाहिले असतील. ती पोरांना म्हणाली, "टाळं कशाला रं? डाक्टर म्हणत्यात न्हवं? त्येंनी आमचं कवा वाईट केलंय? हुंद्या." आणि खाली बसली. करंजखिंडीने आपला डॉक्टर सोडला तो या एका वाक्यावर.

पडद्याबद्दल मला आकस नाही, हे सांगितलं पाहिजे. त्याने चांगली कामंही केली. एका मुलाच्या अंगावरचं गजकर्ण सांगलीच्या त्वचारोगतज्ज्ञाने पडद्यावर पाहून घालवलं. एरवी त्यासाठी बापाचा रोज आणि गाडीभाडं गेलं असतं. गोळ्या संपल्या तर नव्या लिहून मिळत. मेढ्याहून ठरलेल्या दिवशी एक सिस्टर येई, रक्तदाब बघे, बोट टोचून साखर बघे, आकडे यंत्रात भरी. नेटवर्क गेलं की सगळे शांत बसत आणि आलं की डॉक्टर अर्ध्या वाक्यापासून पुढे बोलू लागत. पहिल्या दिवशी तर पडद्यावर त्यांचा चेहरा उगवल्यावर बायकांनी हात जोडले.

अडचण दोन ठिकाणी होती. कॅमेरा चोरीला जाऊ नये म्हणून तो भिंतीत पक्का बसवला होता, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. पडद्यावर तोंड दिसे, छाती दिसे. आणि दुसरी अडचण अशी की पडद्यावरच्या माणसाशी कसं बोलायचं हे गावाला आधीपासूनच पक्कं माहीत होतं. लांब गेलेला आपला माणूस काचेत दिसतो आहे आणि विचारतो आहे, कसं काय. याचं उत्तर करंजखिंडीतल्या तान्ह्या पोरालाही येतं.

आवाज ओसरीपर्यंत ऐकू येई. मी माझ्या खोलीत वह्या तपासत असलो तरी सगळं कानावर पडे. "कसं काय, काकू?" "बरं हाय." "दम लागतो का?" "न्हाई, बरं हाय." "गुडघा?" "बरा हाय. तुमची पाठ कशी हाय?" एका म्हातारीने तर डॉक्टरांना सांगितलं, आमची काळजी करू नगा, जिवाला जपा. मुलाला सांगते तेच, त्याच सुरात.

सुरुवातीला डॉक्टर झगडले, हे मान्य केलं पाहिजे. ते खोदून विचारत, सिस्टरला म्हणत, पोट दाबून बघ. आणि एका सकाळी मी त्यांना म्हणताना ऐकलं, "हौसाक्का, पाय दाखवा बघू."

मग हौसाक्काचा आवाज आला, हसू दाबलेला. "आवं, काय बोलताय? ह्या कॅमेऱ्याफुडं पाय कराय म्हंजी खुर्चीवर चढून तुमच्या तोंडाम्होरं पाय धरू व्हय? लय पाप."

खरंच तसंच करावं लागलं असतं. पूर्वी ते स्वतः खाली बसत, पाय जिथे असे तिथे जात. आता पायाने उठून त्यांच्या तोंडापर्यंत यायचं होतं, आणि वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडासमोर पाय करील अशी बाई आमच्या डोंगरात जन्मलेली नाही. ओसरीवरच्या बायका हसल्या. डॉक्टरही हसले. मी वाट बघत होतो, आता म्हणतील, पाप माझ्या नावावर मांडा. आता सिस्टरला म्हणतील, तू खाली बस आणि बघून सांग. सिस्टरच्या मागे रांग होती. डॉक्टर म्हणाले, "बरं, काही दुखत तर नाही ना?"

"न्हाई. बरं हाय."

"छान," डॉक्टर म्हणाले. "पुढचे?"

हौसाक्का खोटं बोलली नव्हती. दुखत नव्हतंच. भातलावणीच्या चिखलात तिच्या डाव्या पायात काहीतरी घुसलं होतं, आणि मुका पाय काही बोलला नव्हता. तिने त्याला हळद लावून चिंधी गुंडाळली होती. साखर वाढत गेली तशा पडद्यावरून गोळ्या वाढत गेल्या. पाय कुणी पाहिला नाही. मीही नाही, शेजाऱ्याच्या नजरेला लुगड्याचा काठ दिसतो, त्याच्या खालचं नाही. त्या दिवसानंतर डॉक्टरांनी पुन्हा कुणाला पाय दाखवायला सांगितल्याचं मी ऐकलं नाही. 'बरं हाय' आलं की ते पुढे जात. रांग झपाझप सरके. संस्थेचे लोक म्हणे खूश होते.

दिवाळीनंतर सांगलीत समारंभ ठरला. संस्थेने गावासाठी गाडी पाठवली. फुकट प्रवास आणि डॉक्टरांना प्रत्यक्ष बघायचं, म्हणून गाडी भरली. गावातर्फे डॉक्टरांना पुष्पगुच्छ द्यायचा मान हौसाक्काला मिळाला, कारण विश्वासाचा शब्द तिने दिला होता. ती माझ्या पुढच्या बाकावर होती. वाटेत गाडीत एक वास येत होता. कुणी म्हणालं डिझेलचा, कुणी म्हणालं उसाच्या मळीचा. साखर कारखान्यांचा मुलूख सुरू झाला होता, त्यामुळे कुणालाही ते पटलं. आष्ट्यावरून जाताना बायकांनी हे डाक्टरचं गाव म्हणून खिडकीतून नमस्कार केला.

सभागृह थंडगार होतं. व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या. डॉक्टर वर मधल्या खुर्चीत बसले होते, उंच पाठीच्या, आणि त्यांच्या खांद्यावर शाल होती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, पूर्वीसारखी नजरानजर होईल म्हणून. ते छायाचित्रकाराकडे बघत होते.

हौसाक्काचं नाव पुकारलं. ती चपला खाली काढून, गुच्छ छातीशी धरून पायऱ्या चढायला लागली. उजवा पाय वर, मग डावा ओढून त्याच पायरीवर. पुन्हा उजवा वर, पुन्हा डावा ओढून. चिंधी ओली होती. हवालदारांच्या शर्टाचं बटण ज्यांना ओसरीवरून दिसलं होतं ते डॉक्टर चार हातांवर बसले होते, आणि बाई पायऱ्या चढत होती.

त्यांनी पाहिलं. हे मी खात्रीने लिहितो. त्यांची नजर तोंडावरून खाली गेली, डाव्या पायावर थांबली, आणि त्या क्षणी तो चेहरा पाटावरच्या डॉक्टरांचा झाला. ते खुर्चीतून अर्धे उठलेदेखील. मला वाटलं, आता तिच्या पायाशी बसतील. छायाचित्रकार म्हणाला, सर, इकडे. ते तिकडे वळले. गुच्छ घेतला, हसले. हौसाक्काने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कशा आहात, हौसाक्का?" त्यांनी विचारलं. समोर ध्वनिक्षेपक होता, त्यामुळे सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"बरं हाय," हौसाक्का म्हणाली. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

टाळ्या झाल्या. मग डॉक्टर भाषणाला उभे राहिले. चांगलं बोलले, माणसाने तयारी केली होती. दूरवरच्या दुर्गम वस्तीपर्यंत पोचलेलं आरोग्य, तंत्रज्ञानाला माणुसकीचा स्पर्श, वगैरे. शेवटी म्हणाले, "लोक मला विचारतात, या योजनेच्या यशाचा पुरावा काय? मी सांगतो, करंजखिंडीतल्या कुणालाही विचारा, कसं आहे. एकच उत्तर येतं, आणि ते तुम्ही आत्ता ऐकलंत. तिथल्या माणसांना आता डॉक्टरकडे जावं लागत नाही. डॉक्टर त्यांच्याकडे आहे."

इतिहासाच्या मास्तराला भाषणं नवी नसतात. पण या माणसाने तेच वाक्य पुरावा म्हणून काढलं, ज्याला तो स्वतः दुखण्याचं पहिलं लक्षण म्हणत असे. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर ते अज्ञान झालं असतं. गाववाले टाळ्या वाजवत होते. संस्थेला द्यायचं उत्तर डॉक्टरांनी या भाषणातच दिलं, आणि गावात राहणारा डॉक्टर आता मिळणार नाही, हे त्यांना परतीच्या वाटेवर कळलं. मागच्या बाकावर जिजाबा हवालदार मिशी पिळत बसले होते. मग म्हणाले, "आपल्याच तोंडानं आपल्याला हाणलं की गड्या."

हौसाक्का मात्र गाडीत नव्हती. भाषण संपल्यावर, छायाचित्रं झाल्यावर, डॉक्टरांनी एका वॉर्डबॉयला हळूच काहीतरी सांगितलं आणि तो तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आतल्या इमारतीत घेऊन गेला. तेवढ्या उशिराने पायाचं काही जास्त बिघडलं नाही, असं तिथल्या तरुण सर्जनने मला नंतर सांगितलं, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते खरंच असणार. पायाचं जे बिघडायचं ते भातलावणीपासून बिघडत आलं होतं. डाव्या पावलाचा पुढचा अर्धा भाग काढावा लागला. उपचार संस्थेने फुकट केले, आणि तेही अहवालात आलं.

तिला भेटायला गेलो तेव्हा मी डॉक्टरांविषयी काही बोललो. तिने मला थांबवलं. "त्येंनी इचारलं हुतं, सर. मीच बरं म्हणाले." थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणाली, "पर त्यास्नी म्हाईत हुतं की. आमी काय म्हणतो त्ये त्यास्नी म्हाईत हुतं." मग तिने विषय बदलला आणि पांघरूण पायावर नीट ओढून घेतलं, कारण मुलाच्या फोनची वेळ झाली होती.

डॉक्टरांची शेवटची भेट त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी झाली. हौसाक्काचा खास बूट तयार झाला होता तो आणायला मी सांगलीला गेलो होतो. हॉस्पिटलच्या जिन्यात ते समोरून आले. मला बघून थांबले, आनंदले, हात धरून केबिनमध्ये घेऊन गेले. मोठी केबिन, तीन पडदे. वेगवेगळ्या डोंगरांतली गावं होती. सगळीकडे खुर्ची एकच आणि कॅमेरा तोंडाच्या उंचीवर. पाट मला दिसला नाही, आणि तो दिसावा अशी अपेक्षा करणंही जरा नाटकीच होतं.

त्यांनी विचारलं, हौसाक्का कशी आहे. मी म्हटलं, तुमच्याच पडद्यावर येते, तुम्ही दर खेपेला विचारत असाल.

"विचारतो," ते म्हणाले. "बरं आहे म्हणते."

ते माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होते. बूट आहे हे त्यांना कळलं असावं. असल्या गोष्टी त्यांना कळत.

"सर, मी पुष्कळ वर्षं वाकलो," ते म्हणाले. "लोकांनी पाय पुढे करायचे आणि मी वाकायचं. कधीतरी सरळ बसावंसं वाटतं माणसाला. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. पडद्यावर याहून काय करता येतं?"

हे मला पटण्यासारखं होतं, म्हणून जास्त वाईट वाटलं. मधला पडदा उजळला, कुणीतरी बाई हात जोडून बसलेली दिसली. मी उठलो. ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. रीत म्हणून मी विचारलं, तुमचं कसं चाललंय, पाठ वगैरे.

"बरं आहे," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. सवय त्यांनीच लावलेली. सूज नव्हती, ओढ नव्हती, पायात नवे बूट होते. वळून ते केबिनकडे गेले तेव्हा चालही उत्तम होती. बरं आहे असं म्हणणाऱ्या माणसाला खरोखरच बरं असल्याचं मी पाहिलेलं हे एकमेव उदाहरण.